सुमती गॅलरीत उभी नाही

मुलुंड (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

हर्षद,

'भावोजी' लिहायला गेले आणि पेन तिथेच अडकलं. त्या घरात होते तोवर मी तुला भावोजी आणि तुम्ही म्हणत होते. पण काल तुझ्या कादंबरीची पहिली काही पानं वाचली. त्यात तू माझी सुमती केलीस आणि पानापानावर एकेरीत हाका मारल्यास. 'सुमती, तू दार उघडू नकोस. सुमती, तू गॅलरीतच थांब.' मग मीही आता अरे-तुरेच करणार. फिट्टंफाट.

'उलटी चढण' ऋतिकाच्या क्लिनिकच्या पत्त्यावर कुरियरने आलं. इतक्या वर्षांत तिला वाढदिवसाचा एक फोन नाही, आणि आता एकदम पुस्तक. आत लिहिलंयस, 'दादाच्या मुलीस, काकाकडून.' तिने घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेली. अनंतने आधी उचललं. मागचं कव्हर वाचलं. 'कारगिलमध्ये हरपलेल्या थोरल्या भावाची, काळाची मोडतोड करून सांगितलेली कहाणी.' मला म्हणाला, "सहदेवच्या भावाचं आहे. वाचणार आहेस?"

म्हटलं, "नाही."

"मग कपाटात ठेवतो," म्हणाला, आणि ठेवलंही. अनंत असाच आहे. माझा नवरा. तू त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाहीस म्हणून मुद्दाम लिहितेय. अनंत पेंडसे. साकीनाक्याला त्याचं डाय, म्हणजे साचे, बनवायचं छोटं वर्कशॉप आहे.

कपाटातून ते ऋतिकाने काढलं आणि दोन दिवसांत संपवलं. डोळे सुजवून स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, काय लिहिलंय गं त्यांनी. बर्फातलं वाचताना माझे हात गार पडले." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिचा बाप गेला तेव्हा ती चौदा महिन्यांची. माझ्याकडून तिला मिळालं ते काय, फोटो, मेडल आणि त्याच्या चार खोड्या. मग म्हणाली, "पण एक सांगू? त्यात एक तान्ही मुलगी आहे ना, ती अख्ख्या पुस्तकात चालायलासुद्धा शिकत नाही."

म्हणून मी ते हातात घेतलं.

आत एक छापील निमंत्रणही निघालं. बोरिवलीच्या वाचनालयाचा पुरस्कार, नऊ मार्चला समारंभ, आणि त्यात 'वीरपत्नीचा सन्मान'. मला न विचारता. त्याचं उत्तर आज देणार नाही. अर्धवट वाचून बोलणं मला आवडत नाही. पूर्ण वाचते, मग बघू. कुरियरवरचा तुझा नंबर ऋतिकाकडे आहे, पण मी फोन करणार नाही. फोनवर तू गप्प बसशील आणि मीच बोलत राहीन. कागदावर गप्प बसता येत नाही. लिहायचं म्हटलं की काहीतरी लिहावंच लागतं.

क्षमा


मुलुंड
२ फेब्रुवारी २०२५

हर्षद,

वाचलं. बहुतेक गाडीतच वाचलं. तुला माहीत नसेल, मी मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवते. बायकांची बॅच माझ्याकडे. एक उतरली की दुसरी येईपर्यंत कालिदास नाट्यगृहाच्या बाजूला झाडाखाली गाडी लावायची आणि तुझं पुस्तक काढायचं.

आधी नुसती चीड आली. पहिल्याच पानावर सूर्यकांत मरतो. मग तो लहान आहे, खाडीत पोहायला शिकतोय. मग शवपेटी जिन्यातून वर चढत नाही म्हणून खाली चाळीच्या अंगणात ठेवतात. मग त्याचं लग्न ठरतं. मग परत बर्फ. प्रकरणांना आकडे नाहीत, तारखा नाहीत. मी पेन्सिल घेऊन कडेला लिहायला लागले, हे आधी, हे नंतर. ऋतिका ओरडली, "आई, असं नसतं वाचायचं! ते मुद्दाम तसं केलंय."

माझी एक विद्यार्थिनी आहे, श्रुतिका. नवीन लग्न झालंय, क्लच सोडायला घाबरते. मला पेन्सिल चालवताना बघून म्हणाली, "मॅडम, परीक्षा आहे का तुमची?"

म्हटलं, "हो ना. आणि पेपर काढणाऱ्याने सगळे प्रश्न उलटसुलट छापलेत. तू बस, पहिला गिअर टाक."

मग ते दगडाआडचं प्रकरण आलं. सूर्यकांत पडून आहे, शेजारचा शिपाई मघाशीच गेलाय, आणि तो गेलेला शिपाई त्याच्याकडे तंबाखू मागतो. सूर्यकांत मळून देतो. पुढच्याच ओळीत तो बापाबरोबर रेशनच्या रांगेत उभा आहे. तिथे मी पुस्तक मिटलं. पेन्सिल डॅशबोर्डात टाकली आणि पुन्हा काढली नाही.

कारण ते तसंच होतं. आठवतं ना तुला तो जून? सहदेव आला, सगळं आटोपलं, तेरावा झाला, आणि मग त्याचं पत्र आलं. 'लसणीची चटणी पाठवा, इथे सगळं अळणी लागतं.' आईंनी लेकासाठी खलबत्ता काढला आणि लसूण सोलायला बसल्या. कोणी थांबवलं नाही त्यांना. तू आणि मी दाराशी उभे राहून बघत होतो. आपल्या घरात तो आधी मेला आणि नंतर त्याला भूक लागली. तू ते घेतलंयस, चटणीसकट. गाडीच्या काचा वर करून रडले मी. लिहिता येतं तुला, यात वाद नाही. लढाईला आधी आणि नंतर नसतं हे तुझं म्हणणं, पुरस्कार देणाऱ्यांना पटलं असेल त्याच्यापेक्षा मला जास्त पटलंय.

आता माझं ऐक.

तुझ्या पुस्तकात मेलेला माणूस सगळीकडे हिंडतो. पोहतो, भांडतो, तंबाखू मळतो, शेवटच्या पानावर तर हसत एसटीतून उतरतो. ज्याच्या गोळीने तो मेला त्या पोरालासुद्धा तू त्याच्या गावची जत्रा दाखवून आणलीस. सगळ्यांना मागेपुढे जायची मोकळीक. एकट्या सुमतीला नाही. ती पहिल्या प्रकरणात गॅलरीत उभी, मधल्या प्रकरणात गॅलरीत उभी, शेवटी तिचे केस पांढरे केलेस तरी गॅलरीतच. 'तिने वाट पाहण्यालाच घर केलं होतं.' छान वाक्य आहे. ऋतिकाने त्याखाली रेघ मारली होती. मी ती खोडली.

अरे, मेलेले हिंडतायत आणि जिवंत बाई खांबाला चिकटलीय! हे कुठलं युद्ध?

माझे दिवस उलटसुलट आले नाहीत. सोमवारनंतर मंगळवारच आला, दर वेळी. कितीदा वाटलं एखादी उडी मारता यावी, निदान एक पावसाळा तरी गाळता यावा. नाही गाळता आला. ऋतिका चालायला लागली, मग तिला गोवर आला, मग बालवाडी. खोलीत जो येईल तो माझ्याकडे देवळात आल्यासारखा बघायचा. म्हणून मी बाहेर पडले. ट्रेनिंग स्कूलच्या ऑफिसात लागले, फोन घ्यायला. मालकाने म्हटलं, शिकून घे. शिकले. पहिल्यांदा एकटी पवईपर्यंत गाडी घेऊन गेले तेव्हा तलावाजवळ काच खाली केली आणि जोरात ओरडले. आनंदाने, हर्षद. सहदेवला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मला आनंद झाला होता. आहे तुझ्या पुस्तकात हे कुठे?

तेव्हा बायकांची वेगळी बॅच नव्हती, अनंत माझ्याकडे शिकायला आला. दोनदा टेस्टमध्ये नापास झाला. त्याला गाडी रिव्हर्स घेता यायची नाही. अजून नीट येत नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये, खरंच तसं आहे.

आणि एक. सूर्यकांतला भाऊ का नाही? एकुलता एक केलास त्याला. अख्ख्या पुस्तकात तू कुठेच नाहीस. रतनमामा आले होते त्या संध्याकाळचं काय केलंस? मी शोधली ती. कुठल्याच पानावर नाही.

क्षमा


मुलुंड
१६ फेब्रुवारी २०२५

हर्षद,

तुझं उत्तर मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांच्या रांगेसारखं.

लिहितोस, 'सुमती म्हणजे तू नव्हेस वहिनी, कादंबरीतली पात्रं स्वतंत्र असतात.' बरं. लिहितोस, आई थकल्या, नातीला बघायचंय म्हणतात. ते ऋतिकाला वाचून दाखवलं. ती सज्ञान आहे, तिचं ती ठरवेल. लिहितोस, समारंभाला मी यावं, सन्मान घ्यावा, पण 'पेंडसे आले नाहीत तर बरं, उगाच लोकांचा गोंधळ होईल.' आणि त्या संध्याकाळबद्दल लिहितोस, 'कुठली ते नीटसं आठवत नाही.'

नीटसं आठवत नाही! मग मी सांगते. सरळ, आधीपासून शेवटपर्यंत.

सहदेवचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. घाटकोपरची आपली खोली. रतनमामा कुडाळहून आले होते, धुतलेला सदरा घालून. आईंनी खोबऱ्याच्या वड्या थापल्या होत्या, वर्षभरात त्या घरात पहिलं गोड. मला हाक मारून पुढ्यात बसवलं. मामा म्हणाले, "सून घरातच रवात. पोराक बापाच्या जाग्यार काको गावात. हर्षदाचाय वय झाला." आई म्हणाल्या, "हर्षद नाय म्हणूचो नाय." म्हणजे मी तुझ्याशी लग्न करायचं, हे त्यांचं ठरलंच होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतास. असा बघत होतास जसं काही त्यावर तुझी सुट्टी छापलीय.

मी "नाही" म्हटलं.

मामांना वाटलं मी लाजले. हसले ते. मग मी परत म्हटलं, इतक्या मोठ्याने की शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या खोलीत राहिले. कोणी माझ्याशी भांडलं नाही. ताट वाढलं जायचं, बोलणं नाही. आणि मी अनंतशी रजिस्टर लग्न करून ट्रंक न्यायला आले त्या दिवशी आई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तुका जावचा तर जा. चेडू आमचा आसा." ऋतिका पाच वर्षांची. माझी ओढणी मुठीत धरून उभी. मी म्हटलं, "आई, ती कोणाची आहे ते तिला विचारा." त्यांनी विचारलं नाही. बाजूला झाल्या. त्यांचं ते बाजूला होणं मी विसरलेले नाही, हेही लिहून ठेवते. जोर केला असता तर शेजारपाजार त्यांच्याच बाजूने होता.

तू ट्रंक खाली नेलीस. जिन्यात मला वाटलं, आता तरी हा काही बोलेल. रागवेल, शिव्या देईल, काहीही. टॅक्सीत ट्रंक ठेवलीस आणि म्हणालास, "ऋतिकाला सणाला पाठवत जा." म्हटलं, "बोलवा, येईल." कोणी बोलावलं नाही. तुम्ही घाटकोपर सोडून बोरिवलीला गेलात, ते मला भाजीवालीकडून कळलं.

आता समारंभाचं. मी येणार. अनंत येणार. ऋतिका येते म्हणतेय. कार्डावर माझं नाव 'क्षमा अनंत पेंडसे' छापायला सांग. नाही छापलंत तरी येणार, कारण पुस्तक सहदेवचं आहे आणि सहदेव माझाही होता. आणि लोकांच्या गोंधळाची काळजी तू करू नकोस. ज्यांना तुझी मागेपुढे उड्या मारणारी कादंबरी समजली, त्यांना एका बाईची दोन लग्नं समजणार नाहीत?

क्षमा


मुलुंड
१० मार्च २०२५

हर्षद,

काल तू तिथेच होतास, तरी लिहितेय. स्टेजवर बसलेल्या माणसाला समोरचं काही दिसत नाही.

आम्ही ट्रेनिंग स्कूलच्या गाडीतून आलो, वर शिकाऊंचा लाल 'एल' असलेल्या. अनंतची गाडी गॅरेजमध्ये होती. लिंक रोडवर सगळे आम्हाला हॉर्न मारून पुढे जात होते, शिकाऊ समजून. हॉलच्या दारातच फलक लावला होता. 'वीरपत्नी श्रीमती क्षमा सहदेव परब.' ऋतिका मला म्हणाली, "आई, घरी जायचं का?" अनंतने फलक पूर्ण वाचला, आणि चष्मा पुसून परत वाचला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मी एकटी लढेन, पण या माणसाला मी इथे कशाला आणलं? त्याला म्हटलं, "तुला वाईट वाटत असेल तर आपण वळू."

म्हणाला, "इथे पार्किंग मिळालंय. आता वळायचं नाही."

वाचनालयाचे कार्यवाह चंद्रप्रकाशजी चांगले गृहस्थ दिसतात. पण त्यांनी माझी ओळख तुझ्या पुस्तकातून पाठ केली होती. 'सव्वीस वर्षं ज्या माउलीने वाट पाहण्यालाच घर केलं...' लोक टाळ्या वाजवत होते. अनंतही वाजवत होता. ऋतिका त्याला कोपर मारून म्हणाली, "बाबा, तुम्ही काय वाजवताय?" तर म्हणाला, "तिचं नाव घेतलं ना." शाल माझ्या खांद्यावर पडली आणि मी माईक मागितला. चंद्रप्रकाशजींना वाटलं, दोन शब्द कृतज्ञतेचे.

मी काय बोलले ते तू ऐकलंस. पण मला परत लिहावंसं वाटतंय, कारण तेव्हा माझ्या कानात नुसतं घूं होत होतं. मी म्हटलं, माझं नाव क्षमा अनंत पेंडसे. सहदेव परब माझा पहिला नवरा. मी सव्वीस वर्षं कुठल्याही गॅलरीत उभी नाही. मी गाडी शिकवते. माझा नवरा दुसऱ्या रांगेत बसलाय, निळ्या शर्टातला. त्याच्या बाजूला सहदेवची मुलगी बसलीय, तिला यानेच सायकल शिकवली. ही शाल सहदेवसाठी असेल तर मी घेते. वाट पाहिल्याबद्दल असेल तर परत घ्या, कारण मी वाट पाहिली नाही.

मागून तो एक जण ओरडला ना, "बाई, शहिदाचा तरी मान ठेवा!"

मी माईक सोडला नाही. म्हटलं, "मान ठेवायला तर आले. तुम्हाला सहदेवबद्दल काय माहीत आहे, सांगा." मग मीच सांगितलं, "तो शिट्टी वाजवत जिना चढायचा, त्यावरून आम्हाला कळायचं पाऊस आहे की नाही, कारण ओल्या जिन्यावर तो शिट्टी थांबवायचा. कॅरममध्ये हमखास चिटिंग करायचा. अंधाराला भ्यायचा, तरी सैन्यात गेला. हे लक्षात ठेवा, तो त्याचा मान. माझा पुतळा करून त्याला कसला मान मिळतो?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते बरं झालं.

मग तुझी पाळी. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, लेखक सुमतीच्या प्रकरणाचं वाचन करतील. तू उठलास, पान उघडलंस. मला वाटलं, आता हा परत भिंतीकडे बघणार. पण तू पानं उलटलीस आणि खाडीत पोहण्याचं प्रकरण वाचलंस. मधेच तू 'सूर्यकांत' म्हणायच्या ऐवजी 'दादा' म्हणालास आणि दुरुस्त केलं नाहीस. पुढच्या सगळ्या पानभर दादा. पुस्तकात नसलेला भाऊ काल पहिल्यांदा त्यात शिरला. त्याबद्दल मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

आता तुला न दिसलेलं. तू सह्या करत होतास तेव्हा ऋतिका आईंपाशी गेली. खुर्चीत केवढ्याशा दिसत होत्या त्या. तिचा हात धरून त्या तिला वर-खाली बघत होत्या. "उंची बापाची घेतलंस गो," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मी नमस्काराला वाकले तर पाय मागे घेतले नाहीत, पण तोंडही वळवलं नाही माझ्याकडे. असू दे. मग त्यांची नजर माझ्या मागे गेली.

"ह्यो कोण?"

मी काही बोलायच्या आत ऋतिका म्हणाली, "माझे बाबा."

मला वाटलं, आई आता हात सोडतील तिचा. पण त्यांनी अनंतकडे बघतच तिला सांगितलं, "बस म्हणान सांग तेका. उभो कित्याक?"

अनंत बसला. त्याला मालवणी कळत नाही, पण हे कळलं. तासभर आम्ही तिथे होतो. आई सहदेवच्या गोष्टी सांगत होत्या. शाळेत मास्तरांच्या सायकलची हवा काढल्याचं सांगता सांगता एकदम पेटी आली त्या दिवसावर, तिथून त्याच्या बारशावर. ऋतिका ऐकत होती. तिने एकदाही विचारलं नाही, आधी काय आणि नंतर काय.

निघताना तू गाडीपाशी आलास. खिडकीत वाकून विचारलंस, "वहिनी, तेव्हा का म्हणालीस नाही?" तेवढ्यात चंद्रप्रकाशजी तुला फोटोला ओढून घेऊन गेले. गाडी सुरू झाली. गोरेगावच्या सिग्नलला अनंत म्हणाला, "त्याला उत्तर दे. माणूस बराच वेळ थांबलाय."

देते. आज नाही.

क्षमा


मुलुंड
२१ मार्च २०२५

हर्षद,

दोन पत्रं आली तुझी, मी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. विचार करत होते.

आधी सोपं. दुसऱ्या आवृत्तीत नवीन प्रकरण घालायचंय म्हणतोस, सुमती गॅलरीतून खाली उतरते ते. त्यासाठी माझ्याकडून सगळं ऐकायचंय. नको. माझं ते माझ्यापाशी राहू दे. पवईला मी कशी ओरडले ते तुला लिहिलं, ते तुला म्हणून लिहिलं. त्याचं प्रकरण केलंस तर तुझ्या घराची पायरी कधी चढणार नाही. पुस्तक आहे तसंच ठेव.

तू खरं लिहिलं होतंस, सुमती म्हणजे मी नव्हे. त्या दिवशी समारंभाहून घरी येताना माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. लग्न न करता कोण राहिलं? आईंच्या खोलीबाहेर कोणाची कॉट आहे अजून? सहदेवचे कपडे घाटकोपरहून बोरिवलीला कोणी नेले आणि कपाटात लावले? ऋतिकाने सांगितलं मला, गेल्या रविवारी ती येऊन गेली ना. इतकी वर्षं गॅलरीत तू उभा आहेस, हर्षद. साडी मात्र मला नेसवलीस.

म्हणून मी रागावलेली नाही आता. म्हणजे आहे, पण वेगळ्या गोष्टीवर.

आता तुझ्या प्रश्नाचं. लोक म्हणायचे, दीर नवऱ्यासारखा दिसतो म्हणून हिला नको झालं. तसं नाही. तू सहदेवसारखा दिसतच नाहीस. कोणी म्हणायचे, हिचं बाहेर आधीच जमलं होतं. तेव्हा अनंत या जगात आहे हेही मला ठाऊक नव्हतं. तू वाईट होतास म्हणूनही नाही. ऋतिकाला खोकला झाला की तूच उठून पाणी गरम करायचास, मी बघायचे.

मी नाही म्हटलं, कारण मला कोणी विचारलंच नव्हतं. मामांनी सांगितलं, आईंनी सांगितलं. तू कॅलेंडरकडे बघितलंस. सहदेवला सरकारने पाठवलं तेव्हाही असंच होतं, हुकूम आला आणि तो गेला. मला अजून एक हुकूम नको होता. तू जर संध्याकाळी जिन्यात गाठून म्हणाला असतास, "वहिनी, तुझ्या मनात काय आहे?", तरी मी नाहीच म्हटलं असतं. पण ते तुला म्हटलं असतं, तुझ्या तोंडावर, आणि मग आपण दोघं बसून चहा प्यायलो असतो. कदाचित तू मोकळा झाला असतास. आणि ऋतिकाला काका राहिला असता.

तुझ्या मनात तेव्हा काय होतं ते मला माहीत नाही. आता मी विचारणार नाही, आणि तूही लिहू नकोस. काही गोष्टींना उशीर झाला की त्या नुसत्या अवघड होतात, खऱ्या होत नाहीत.

पण एक तुला वाचक म्हणून सांगते, मान्य कर किंवा नको करू. तुझ्या पुस्तकाचं शेवटचं पान, तो एसटीतून हसत उतरतो ते, मी चार वेळा वाचलं. चारही वेळा मला माहीत होतं की तो मेलाय, आणि तरी तो उतरला की मला बरं वाटलं. ते तू केलंस. एवढं बळ असलेला माणूस स्वतःला मात्र एका जागी खिळवून बसलाय, याची मला चीड येते. तू पन्नाशीचा आहेस, नव्वदीचा नाहीस. पुढचं पुस्तक लढाईचं लिहू नकोस. निदान त्यात एक तरी माणूस पुढच्या आठवड्यात जाऊ दे.

ऋतिका म्हणाली, आईंनी परत बोलावलंय, येत्या रविवारी जेवायला. तिला एकटीलाच बोलावलंय ते मला कळतं. तरी आम्ही तिघं येतोय. बारापर्यंत पोहोचू. आईंना आवडलं नाही तर त्यांनी मला तसं तोंडावर सांगावं, मी ऐकून घेईन आणि मग जेवायला बसेन.

अनंत मासे खात नाही. त्याच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं करायला सांग आईंना. त्याला तिखट चालतं.

क्षमा